दहा लक्ष एक मोती

एका राज्यात इंद्रकेतू नावाचा राजा होता. राजा भला, पण दुसऱ्याची वस्तू डोळ्यांत भरली की ती घरी आलीच पाहिजे, अशी त्याची खोड. घोरांग मायावीच्या गुहेतले मोती त्याने आणले, आणि त्याच दिवशी त्याची पावले दगडाची झाली.

मोती होते दहा लक्ष एक. मायावीची साळुंकी सिंहासनासमोर उतरली आणि म्हणाली, "यांचे सारखे ढीग करा. एकही मोती उरू नये. सगळ्यांचा एकच ढीग चालणार नाही, एकेका मोत्याचे ढीगही चालणार नाहीत. संधी तीन. तिसरी चुकली, तर राजा आपादमस्तक पाषाण."

एवढे मोती मोजायचे कोणी? मुंग्यांनी. त्या राज्यात मुंग्या राजाज्ञा पाळत.

पहिली संधी राजानेच घालवली. "दोन ढीग करा," म्हणाला. एक मोती उरला आणि दगड कमरेपर्यंत चढला.

दुसरी संधी राजगणक शंखपालाची. त्या राज्यात पाढे तिसापर्यंतच म्हणत; त्यापुढे जाणे म्हणजे गुरूंचा अवमान. शंखपालाने तिसापर्यंतचे सारे पाढे लावून पाहिले. संख्या दोनापासून पुढच्या एकाही पाढ्यात बसेना. तेव्हा तो छाती काढून म्हणाला, "ही संख्या अभंग आहे. हिचे भाग होतच नाहीत."

"चूक," साळुंकी म्हणाली. दगड गळ्याशी आला. गणकमहाराजांनी पगडी सावरून घरचा रस्ता धरला.

उरली राणी मृगावती. नवऱ्याचा तिला राग आला होता, पण माणूसच हातचा जायला निघाला, तर राग कुणावर धरायचा?

"शंभराशंभराचे ढीग करा," तिने मुंग्यांना सांगितले. दहा हजार ढीग झाले. एक मोती उरला.

"हेच उत्तर, राणीसाहेब?" साळुंकीने विचारले.

"नाही. मी अजून मांडते आहे."

राणीने जन्मभर लेकीसुनांना आहेर केले होते. नुसते शंभर कधी दिले नव्हते. शंभरावर एक ठेवायचाच. पण इथे ढीग दहा हजार आणि हाती मोती एक. मग तिने मोजून नव्व्याण्णव ढीग मोडले. त्यांचे नऊ हजार नऊशे मोती झाले, त्यांत तो उरलेला एक मिळवला. उभे ढीग किती राहिले? तेही नऊ हजार नऊशे एक.

"आता प्रत्येक ढिगावर एकेक ठेवा."

मुंग्या कामाला लागल्या. शेवटचा मोती शेवटच्या ढिगावर गेला आणि जमीन मोकळी झाली.

"एकशे एकाचे नऊ हजार नऊशे एक ढीग," साळुंकी म्हणाली. "बरोबर. शाप सुटला." मग मुंग्यांची रांग मोती घेऊन गुहेकडे निघाली, कारण ज्याचे त्याला पोचलेले बरे.

दगड गळ्यापासून हळूहळू उतरत पावलांतून निघून गेला. राजा म्हणाला, "मृगावती, माग. काय देऊ?"

"काही नको. हात द्या."

राजाने हात दिला. तो उबदार होता. तोवर कोरडी राहिलेली राणी मग भर दरबारात रडली, आणि तिला कोणी थांबवले नाही.