पट्ट्याची कुरकुर

गाड्यांच्या पोटातली भांडणं माणसांना ऐकू यायची, तेव्हाची ही गोष्ट. मोरेश्वरच्या जुन्या गाडीत इंजिनाच्या टोकाला एक पुली होती आणि तिच्यावर पट्टा फिरायचा. पुलीच्या पोटातलं रबराचं कडं झिजलं, तशी ती थरथरायला लागली.

"हिच्यापायी माझ्या जिवाला स्वस्थता नाही," पट्टा कुरकुरला. "सबंध लोखंडाची आणा."

"ही थरथर इंजिनाची आहे बाबा," पुली म्हणाली. "मी ती तुझ्यापर्यंत येऊ देत नाही. मला काढा खुशाल, पण रबराचीच आणा."

"रोज याचं रडगाणं ऐकतोय," मोरेश्वर म्हणाला. "याच्याच मनासारखं होऊ दे."

त्यानं अंगणातच पाना लावून पुली उतरवली आणि लोखंडी पुली चढवली. जुनी पुली फाटक आपटू नये म्हणून फाटकाशी ठेवली.

नवी पुली जरासुद्धा हलेना. इंजिनाचा प्रत्येक हिसका मात्र ती जसाच्या तसा पट्ट्याला देऊ लागली. त्याच्या कडा उसवल्या. इतकी वर्षं हे कोण सोसत होतं, ते त्याला तेव्हा कळलं.

फाटकातून जाताना तो रोज जुन्या पुलीची माफी मागायचा. पण हिसक्यांमुळे शब्द फुटायचे नाहीत, नुसती कुरकुर निघायची. पुलीला वाटायचं, अजून तक्रारच करतोय.