क्षत्रपाच्या चेहऱ्यावर छिन्नी

एकदा एक वृद्ध संग्राहक आपला जन्मभराचा संग्रह दान करायला निघाला. संग्रह चांदीच्या नाण्यांचा होता. आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर प्राचीन काळी जी ग्रीक नगरे इराणच्या सम्राटाच्या अमलाखाली नांदत होती, त्यांची ही नाणी. कुणी त्यांवर डाळिंब उमटवले होते, कुणी कुस्तीगीर, कुणी जहाज. ती मिळवण्यासाठी या गृहस्थाने काय काय केले, ते त्याच्या पत्नीला विचारावे. तिचा तक्रारींचा संग्रह याहून मोठा होता.

या साऱ्यांत मानाचे नाणे एकच. त्यावर क्षत्रपाचा, म्हणजे सम्राटाच्या सुभेदाराचा, दाढीदार चेहरा होता. वृद्धाने त्यावर कितीतरी व्याख्याने दिली होती. एका व्यापाऱ्याने गावच्या संग्रहालयाला नवे दालन बांधून दिले होते आणि तिथे दाराशीच हे नाणे मांडायचे ठरले होते.

संग्रह देण्यापूर्वी वृद्धासमोर बसून प्रत्येक नाणे तोलण्याचे काम त्याच्या तरुण शिष्याकडे आले. त्याने क्षत्रपाचे नाणे काट्यावर ठेवले. नाणे हलके भरत होते. त्याने पुन्हा तोलले, तरी तेच. चांदीहून हलक्या तांब्यावर चांदीचा पत्रा चढवण्याची लबाडी त्या काळीही चाले, हे त्याला गुरूंनीच शिकवले होते. पण गुरूंच्या नाण्याला खोटे म्हणायचे कुणी? काट्यातच काही दोष असेल, अशी मनाची समजूत घालून त्याने ते गुपचूप जागेवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी व्यापारी नाण्यांची पेटी न्यायला आला. वृद्धाने क्षत्रपाचे नाणे काढले, लाकडी ठोकळ्यावर ठेवले आणि चेहऱ्यावर छिन्नी धरून हातोडीचा घाव घातला.

"अहो, हे काय केलंत!" व्यापारी ओरडला.

नाणे चिरले होते. चिरेतून तांबे लालसर चमकत होते. वृद्धाचे डोळे भरून आले होते, पण आवाज ठाम होता.

"काल तू हे दोनदा तोललंस," तो शिष्याला म्हणाला, "आणि माझ्याकडे न बघता ठेवून दिलंस. तेव्हाच मला शंका आली."

"गुरुजी, तुमचा अपमान झाला असता..."

"त्या नगरांतले सराफ आठव. नाण्यावर क्षत्रपाचा चेहरा असो की खुद्द सम्राटाचा, संशय आला की ते छिन्नी लावून आतली चांदी बघत. डोक्यावर परक्याचं राज्य होतं, तरी त्यांचा हात थांबला नाही. तुझ्या डोक्यावर तर मी एकटा म्हातारा! तू काल बोलला असतास, तर दोघांनी मिळून याची कड भिंगाखाली धरली असती. तू गप्प बसलास, म्हणून छिन्नीला बोलावं लागलं."

शिष्याची मान खाली गेली. वृद्ध व्यापाऱ्याकडे वळला. "शेठ, पेटी आज मिळणार नाही. सगळी नाणी पुन्हा तपासल्याशिवाय एकही घराबाहेर जाणार नाही."

"पण उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्यात!"

"पत्रिका पुन्हा छापता येतील. खोटं एकदा काचेच्या कपाटात बसलं, की त्याला उठवणं फार अवघड."

व्यापारी काहीसा नाराज होऊनच गेला. शिष्याने काटा पुढे ओढला आणि एकेक नाणे तोलू लागला. डाळिंबाचे नाणे आले तेव्हा त्याचा हात थबकला. हे नाणे वृद्धाने ऐन तारुण्यात मिळवलेले, त्याचे सर्वांत पहिले. पण या वेळी शिष्याने मान वर केली.

"गुरुजी, हेही हलकं भरतंय."

वृद्धाने हातातली छिन्नी बाजूला ठेवली आणि खुर्ची शिष्याजवळ ओढली.

"भिंग आण," तो म्हणाला.