सात डफ, एक धनी

फार पूर्वी एका नगरात एक मुलगी दूरदेशी शिकून परत आली. तिला वाटलं होतं, वेशीतून आत शिरताच लहानपणीचा तो गलबला कानी पडेल. सात पेठा, सात दवंडीवाले. एकाने काही सांगावं आणि पुढच्या चौकात दुसऱ्याने ते खोडून काढावं. पण आता सातही पेठांत एकच दवंडी घुमत होती: "ऐका हो ऐका, शेठजींचं तेल शुद्ध!"

इकडे घरोघरी माणसांचे पाय सुजले होते. मुलगी शेठजींच्या घाण्यावर जाऊन पाहून आली. मोहरीत पिवळ्या धोत्र्याचं विषारी बी मिसळलेलं होतं.

तिने कुंभारपेठेतल्या म्हाताऱ्या दवंडीवाल्याला गाठलं. "काका, तुमचेच पाय सुजलेत आणि तेल शुद्ध म्हणता?"

"पाय माझे आहेत पोरी, डफ शेठजींचा," म्हातारा म्हणाला. "आमचे जुने डफ फाटले, तेव्हा त्यांनी सातही जणांना नवे दिले. तेव्हापासून शब्दही तेच देतात."

मुलगी तडक राजाकडे गेली. राजाने सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली. "उद्यापासून सातही डफ माझे. त्यांची प्रमुख तू. पहिली दवंडी तेलाचीच पीट."

मुलीचा चेहरा खुलला. तेवढ्यात राजा म्हणाला, "मात्र प्रत्येक दवंडी आधी मला दाखवायची."

"आणि सरकारी कोठारात धान्याला कीड लागली तर?"

"ते सांगायचं की नाही, मी बघेन. सकाळपर्यंत विचार कर."

मुलगी पेचात पडली. हो म्हटलं तर लोक उद्याच वाचत होते. नाही म्हटलं आणि राजा रुसला, तर विषारी तेल तसंच विकलं जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दरबारात उभी राहिली. "महाराज, मला ते पद नको. ज्या त्या पेठेने आपला डफ आपण करावा. आपण फक्त कायदा करा. एका धन्याला एकच डफ. दवंडीआधी डफ कुणाचा ते सांगायचं. आणि खोटं सांगितलं, तर ज्या चौकात सांगितलं तिथेच, तेवढ्याच मोठ्याने कबूल करायचं. खरंखोटं पंच ठरवतील, दरबार नाही."

"आणि दवंडी माझ्याविरुद्ध निघाली तर?"

"तर महाराजांना कीड वेळेवर कळेल."

राजाने कारकुनाला बोलावून कायदा लिहवून घेतला. मग त्याने कायद्यावर मुद्रा उमटवली.

नवे डफ व्हायला आठ दिवस लागणार होते. कुंभारपेठेतल्या एका बाईने आपली पितळी परात आणून दिली. म्हातारा शेठजींचा डफ परत करून आला, चौकात उभा राहिला आणि त्याने परातीवर लाटणं आपटलं.

"ऐका हो ऐका. परात कुंभारपेठेची आहे. काल याच चौकात मी तेल शुद्ध म्हणालो. ते खोटं होतं. तेल ओतून द्या."

पाठोपाठ बाकीच्या सहा चौकांतही पराती वाजल्या, आणि दुपारपर्यंत सातही पेठांतल्या तेलाच्या बुधल्या रिकाम्या झाल्या.

तात्पर्य: सगळ्या बातम्यांचा धनी एकच झाला, तर तो शेठ असो की राजा, गावाचे कान त्याच्या मुठीत जातात. म्हणून धनी पुष्कळ असावेत आणि कायदा सर्वांना एक.