चिचुंद्रीचं बीळ आणि तुंबलेला चर

बांधावर एक बीळ. बिळात एक चिचुंद्री. चिचुंद्रीला चार पिल्लं. कुठे जायचं झालं की ती कशी जायची, ठाऊक आहे? आई पुढे. पहिल्याने धरायची आईची शेपटी, दुसऱ्याने धरायची पहिल्याची, तिसऱ्याने दुसऱ्याची, चौथ्याने तिसऱ्याची. आणि निघायची वरात. तुरु तुरु, तुरु तुरु.

एकदा पाऊस आला. धो धो, धो धो. तीन दिवस पडला आणि गेला. ऊन पडलं. पण बांधालगतच्या हौसाक्काच्या शेतात, भुईमुगातलं पाणी काही हलेना. चिचुंद्रीच्या बिळातलंही हलेना. घरात पाणी, दारात पाणी, डुबुक डुबुक. आता पिल्लं निजणार कुठे? बिचारी चिचुंद्री रडकुंडीला आली. चुक चुक, चुक चुक.

शेताच्या कडेला होता एक चर. शेतातलं पाणी ओढ्याला न्यायचं, हे त्याचं काम. चिचुंद्री गेली चराकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"चरा, चरा, पाणी ने. माझं बीळ सुकेना, पिल्लं निजवू कुठे?"

चर म्हणाला, "नेलं असतं गं. पण माझ्या पोटात गाळच गाळ. कित्येक वर्षांत कुणी उपसलाच नाही. हौसाक्का गाळ काढेल, तर मी पाणी नेईन."

चिचुंद्री गेली हौसाक्काकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. हौसाक्का बांधावर बसली होती, गालाला हात लावून.

"अक्का, अक्का, गाळ काढ. चर पाणी नेईना, माझं बीळ सुकेना, पिल्लं निजवू कुठे?"

हौसाक्का म्हणाली, "खोरं शेजारीच आहे गं बाई. पण चर उपसायचा खालून वर, ही आपल्या गावची रीत. मी आधी उपसला, तर माझं पाणी खालच्या धोंडूतात्यांच्या रानात शिरेल. तात्या त्यांच्या चरातलं गवत कापतील, तर मी गाळ काढीन."

चिचुंद्री गेली धोंडूतात्यांकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"तात्या, तात्या, गवत कापा. अक्का गाळ काढेना, चर पाणी नेईना, माझं बीळ सुकेना, पिल्लं निजवू कुठे?"

तात्या म्हणाले, "विळ्याला धार लावून ठेवलीय कधीची. पण माझ्या खाली मोरी. ती तुंबलीय, मग मी कापून काय उपयोग? मोरी तोंड उघडेल, तर मी गवत कापीन."

रस्त्याखाली होती मोरी. दगडाची, म्हातारी. चिचुंद्री गेली मोरीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"मोरी, मोरी, तोंड उघड. तात्या गवत कापेनात, अक्का गाळ काढेना, चर पाणी नेईना, माझं बीळ सुकेना, पिल्लं निजवू कुठे?"

मोरी तोंडातल्या तोंडात पुटपुटली, "कशी उघडू बाई? तोंडात माजलीय बेशरमीची झुडपं. बेशरमीवर बसलीय म्हैस. म्हैस उठेल, तर मी तोंड उघडीन."

चिचुंद्री गेली मोरीच्या पलीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. तिथे ही भलीमोठी म्हैस, डोळे मिटून चिखलात डुंबत होती.

"म्हशी, म्हशी, जागची ऊठ. मोरी तोंड उघडेना, तात्या गवत कापेनात, अक्का गाळ काढेना, चर पाणी नेईना, माझं बीळ सुकेना, पिल्लं निजवू कुठे?"

म्हैस म्हणाली, "मी नाही उठायची. कानात गोचीड चावते. चिखलात जरा बरं वाटतं. साळुंकी गोचीड काढेल, तर मी उठीन."

साळुंकी काही लांब नव्हती. म्हशीच्या पाठीवरच बसली होती.

"साळुंके, साळुंके, गोचीड काढ. म्हैस जागची उठेना, मोरी तोंड उघडेना, तात्या गवत कापेनात, अक्का गाळ काढेना, चर पाणी नेईना, माझं बीळ सुकेना, पिल्लं निजवू कुठे?"

साळुंकी म्हणाली, "पाठीवरची काढीन, पोटावरची काढीन. पण कानात काळोख गं. मला नाही दिसायचं."

चिचुंद्री म्हणाली, "एवढंच ना? मला उजेडात तरी कुठे दिसतं? मी आपली वासावर जाते."

चढली की म्हशीच्या डोक्यावर! मागे चार पिल्लं. चिचुंद्री शिरली कानात, पिल्लांनी शेपटी धरली घट्ट. हुंग हुंग, हुंग हुंग. सापडली गोचीड. कुटुक!

गोचीड निघाली, म्हैस उठली. पचाक! शिंगात अडकली बेशरम, मुळासकट उपटली. खसाक! मोरीने तोंड उघडलं. खाक् थू! चिखल गेला ओढ्यात, पाणी निघालं त्याच्यामागे. खळ खळ, खळ खळ.

तात्यांनी कान टवकारले. "अरेच्चा, खालची वाट मोकळी झाली की."

आता बघा गंमत. इतकी वर्षं जो तो खाली बोट दाखवायचा. पण खाली बसलंय कोण, ते बघायला एकही गेला नव्हता. शहाणे कुठले.

तात्यांनी गवत कापलं. सप सप, सप सप. अक्काने गाळ काढला. खचाक खचाक. चराने पाणी नेलं. सळ सळ, सळ सळ. अर्धा भुईमूग पिवळा पडला होता, पण अर्धा वाचला. अक्काला फार बरं वाटलं. ती तात्यांना म्हणाली, "पुढच्या वर्षी पाऊस यायच्या आधीच उपसू. आणि आधी म्हैस उठवू."

दुपारभर कडक ऊन पडलं. चिचुंद्रीने बिळात नाक घातलं. कोरडं. पाय ठेवला. कोरडं. मग तात्यांच्या गवतातल्या चार वाळक्या काड्या तिने आत नेल्या, मऊ मऊ अंथरूण केलं, आणि चारी पिल्लांना कुशीत घेऊन निजवलं.

पाणी गेलं ओढ्याला, पिल्लं गेली निजायला.