कोरड्या डोळ्यांचं तीर्थ

"डोळा कोरडा आहे म्हणता, मग हे पाणी कसलं?"

महाराजांनी उपरण्याच्या टोकाने गाल टिपला आणि डॉक्टरीणबाईंकडे रोखून पाहिलं. त्या नजरेपुढे भल्याभल्यांची बोलती बंद होत असे.

यमुनाबाई टिपणीसांची झाली नाही. पंचेचाळीस वर्षं त्या लोकांच्या डोळ्यांतच बघत आल्या होत्या.

"टँकर कोणत्या गावाला येतो, महाराज?"

"जिथे पाणी नाही तिथे."

"मग?"

 महाराजांच्या डाव्या डोळ्यातून आणखी एक थेंब ओघळला तेवढा…

लोक त्यांना निर्निमेष महाराज म्हणत. निर्निमेष म्हणजे पापणी न लवणारा. पूर्वाश्रमीचे ते रघुवीर कुलथे, शाळेत भूगोल शिकवायचे. अकरा वर्षांपूर्वी भूगोल सुटला आणि तापीकाठच्या मठात त्राटक सुरू झालं. रोज संध्याकाळी तुपाच्या निरांजनाकडे तासभर एकटक बघायचं, पापणी म्हणून लववायची नाही. बघता बघता डोळ्यांतून धारा लागत. भक्तमंडळी गहिवरून जात. भास्करअप्पा, म्हणजे मठाचं सगळं काही बघणारे, त्यांच्या हनुवटीखाली चांदीची वाटी धरत. त्यातले चार थेंब तीर्थाच्या घंगाळात पडत आणि ते 'अश्रुतीर्थ' घ्यायला रांग लागे.

हे सगळं छान चाललं होतं. पण दिवाळीपासून महाराजांना पोथी वाचता येईना.

चार ओळी वाचल्या की अक्षरं विरघळत. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपे. सकाळी पापण्या चिकटलेल्या असत, त्या ओल्या बोटांनी सोडवाव्या लागत. कुणी मध घाला म्हणालं, कुणी गुलाबपाणी. सगळं घालून झालं होतं. आपण आंधळे होणार, ही भीती गेला महिनाभर त्यांच्या छातीत बसली होती आणि ती एका अप्पांखेरीज कुणालाही सांगायची सोय नव्हती. म्हणून तर तालुक्याच्या गावी, ओळखीपाळखी टाळून, फक्त अप्पांना बरोबर घेऊन, भर दुपारी ते या लहानशा दवाखान्यात आले होते.

"मला दोनच गोष्टी हव्या आहेत," महाराज म्हणाले. "जळजळ जावी. पाणी राहावं."

"दोन्ही एकाच घरच्या आहेत."

"दीड महिन्यावर सप्ताह आहे, बाई. हजारो लोक येतात."

"जळजळ बघायला?"

महाराजांचा चेहरा लाल झाला. त्यांच्याशी असं कुणी बोलत नसे.

"हनुवटी इथे ठेवा," बाईंनी तपासायचं यंत्र पुढे ओढलं. डोळ्यांत पिवळ्या रंगाचा थेंब सोडला. "दोनदा मिटा. आता उघडा ठेवा. मिटू नका."

महाराज मनातल्या मनात हसले. हे तर आपल्याच अंगणात आलं.

"किती वेळ?"

"जमेल तितका."

"तासभर जमेल."

"बघू."

खोलीतला दिवा मालवला गेला. यंत्रातून निळा उजेड आला. बाई हळू आवाजात मोजू लागल्या.

"एक… दोन… तीन… झालं."

"काय झालं? माझी पापणी हललीसुद्धा नाही!"

"पापणी नाही हलली. डोळ्यावरचा ओलावा तिसऱ्या सेकंदाला फाटला. चांगल्या डोळ्यावर तो दहा-बारा सेकंद तरी टिकतो."

"आणि पुढचा तास?"

"पुढचा तास डोळा उघड्यावर वाळत असतो. तो वाळतो, झोंबतो, मग शरीर घाबरून पाणी सोडतं. ते गालावर जातं. डोळ्याला त्यातलं काही मिळत नाही." बाईंनी दिवा लावला. "इतकं पाणी साचल्यावर निरांजन तरी दिसतं का तुम्हाला?"

महाराजांनी विचार केला. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

"पिवळं काहीतरी दिसतं. भोवती वलय असतं… आम्ही त्याला तेजोवलय म्हणतो."

 बाईंनी हात धुतले, पुसले. कापसाची काडी घेतली, खालची पापणी किंचित ओढली आणि तिच्या कडेवर दाबलं.

दुखलं. महाराजांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

बाईंनी काडी त्यांच्या समोर धरली. तिच्या टोकावर पांढरट, घट्ट असं काहीतरी लागलं होतं.

"हे काय?"

"तेल."

"हे तेल?"

"पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. वर तीसेक, खाली वीस-पंचवीस. रस्स्यावर तवंग असतो ना, तसा त्या तेलाचा तवंग डोळ्यातल्या पाण्यावर असतो. म्हणून ते पाणी उडून जात नाही. दर वेळी पापणी मिटली की किंचित तेल बाहेर येतं. तुम्ही मिटतच नाही. ते आतल्या आत साचलं, घट्ट झालं, तोंडं बुजली."

"मी तर फक्त तासभरच…"

"आत्ता माझ्याशी बोलताना किती वेळा मिटलीत? मी मघापासून बघतेय. अर्धी येते आणि परत जाते."

ते खरं होतं. अकरा वर्षं लोक त्यांच्या पापण्यांकडे बघत होते. रस्त्यात, पंगतीत, गाडीच्या काचेतून. कुणाच्या नजरेत यायला नको, म्हणून त्यांनी पापणीला अर्ध्यावरून परत फिरायला शिकवलं होतं. आता ती एकटं असतानाही पुरती खाली येत नसे.

बाईंनी पापणी उलटून खालून बारीक बॅटरी लावली, बराच वेळ बघत राहिल्या.

"सात-आठ सुकून गेल्या आहेत. त्या परत यायच्या नाहीत. बाकीच्या वाचतील."

"आणि काहीच केलं नाही तर?"

"तर त्याही जातील. मग बुबुळावर ओरखडे, डाग. पोथी तर गेलीच समजा."

महाराज खुर्चीत पुढे सरकले.

"मग सुईने मोकळ्या करा. आजच्या आज. मी सहन करीन. मला सहन करायची सवय आहे."

"ते दिसतंच आहे." बाई उठल्या. "थंडीत खोबरेल गोठलं तर तुमच्या घरी बाटली सुईने टोचायचे?"

"…उन्हात ठेवायचे."

"सिस्टर, गरम पाणी आणा."

लोखंडे सिस्टरने वाफाळतं पातेलं आणलं. बाईंनी स्वच्छ फडकं बुडवलं, पिळलं, स्वतःच्या मनगटाला लावून पाहिलं आणि महाराजांच्या डोळ्यांवर ठेवलं.

"मिटा."

त्यांनी मिटले.

"पुरते मिटा. कुणी बघत नाही."

दहा मिनिटं शेक चालला. फडकं निवलं की बाई ते पुन्हा बुडवत, पिळत, ठेवत. बाहेर कुणीतरी भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतं. महाराजांना त्या उबेत एकदम निरांजनापुढची आपली पहिली संध्याकाळ आठवली. धाकटा भाऊ सुधन्वा गेल्यानंतरचा तेरावा दिवस. घरात सगळ्यांना सावरता सावरता त्यांना स्वतःला रडायला सवड मिळाली नव्हती. ते मठात जाऊन निरांजनापुढे बसले आणि मग रडू फुटलं. ढसाढसा रडले. लोक जमले. कुणीतरी पाया पडलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बसले, पण रडू आलं नाही. लोक थांबले होते. म्हणून त्यांनी डोळे उघडे ठेवले. उघडे ठेवता ठेवता पाणी आलं…

त्यानंतर रोज पाणी आलं होतं. रडू एकदाही आलं नव्हतं.

"बाई," ते फडक्याखालून म्हणाले, "म्हणजे ते सगळं खोटंच होतं?"

"मी डोळ्यांची डॉक्टर आहे."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, बोलू नका. फडकं सरकतं."

तेवढ्यात दार ढकलून भास्करअप्पा आत आले. त्यांना बाहेर बसवेना. त्यांनी महाराजांचे मिटलेले डोळे पाहिले आणि त्यांचा जीव वरखाली झाला.

"डॉक्टरीणबाई, काय ते करा, पण तीर्थाचं तेवढं बघा. लोक लांबून येतात हो."

"कसलं तीर्थ?"

अप्पांनी मोठ्या अभिमानाने वाटीची सगळी हकिकत सांगितली. महाराजांना फडक्याखाली तोंड लपवता आलं, याचं बरं वाटलं.



"पाजता?" एवढंच बाईंनी विचारलं.

अप्पा घुटमळले. "थोडंसंच. पुष्कळ पाण्यात."

"महाराज," बाई म्हणाल्या, "माझ्याकडे औषध आहे. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं असा शेक. मग बोटाने पापणी हलकेच चोळायची, वरची वरून खाली, खालची खालून वर. कडा पुसायच्या. देते ते थेंब घालायचे. मध नाही, गुलाबपाणी नाही. आणि दिवसभर आठवणीने पापणी पुरती मिटायची. मिटा, थांबा, उघडा. दिव्यापुढे बसलात तरीसुद्धा."

"दिव्यापुढेही?" हे अप्पा.

"दिव्यापुढे तर हटकून."

"मग पाणी यायचं बंद होईल."

"हो."

अप्पांनी महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी फडकं काढलं, घडी केली आणि पातेल्याच्या काठावर नीट ठेवलं. समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्यांना जरा ठळक दिसला. सर्वांत खालची ओळ मात्र अजूनही पुसटच होती.

"सप्ताहात लोक विचारतील," ते हळूच म्हणाले. "मी काय सांगू?"

"तो माझा विषय नाही."

"मग कुणाचा?"

 बाईंनी महाराजांकडे पाहिलं, आपले दोन्ही डोळे सावकाश मिटले, क्षणभर तसेच ठेवले आणि उघडले. मग पुढच्या पेशंटचा कागद ओढला.

सप्ताह झाल्यावर चौथ्या दिवशी महाराज पुन्हा आले. या वेळी एकटेच, एसटीने. अप्पा रुसले होते.

निळ्या उजेडात बाई मोजत गेल्या. "…सहा… सात… आठ. फाटलं." त्यांनी मान हलवली. "बरं आहे. पोथी?"

"अर्धा तास वाचतो." बोलताना महाराजांचा आवाज कापला. त्यांनी तो कापू दिला. "सकाळी उठून आधी पोथी उघडतो, बाई. अक्षरं जागच्या जागी असतात."

"सप्ताह?"

"बसलो निरांजनापुढे. पापणी लवली."

"मग?"

"पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, लवली! ते मागपर्यंत गेलं. अर्धा मांडव उठला. अप्पा वाटी धरून तसेच उभे…"

"आणि तुम्ही?"

"मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, अजून वेळ गेलेली नाही, उघडे ठेवावेत. थोडा वेळ ठेवले तर पाणी आलंच असतं. ते मला माहीत होतं." महाराज थांबले. "मग पुन्हा मिटले."

बाई पहिल्यांदाच हसल्या. अगदी थोडंसं.

महाराजांना धीर आला. ते खुर्चीत सरळ बसले.

"उरलेल्यांत एक म्हातारा होता. उठून जवळ आला. म्हणाला, महाराज, आज देव दिसला नाही वाटतं?"

"काय म्हणालात?"

महाराजांनी थोडी वाट पाहिली. कापूस भरता भरता लोखंडे सिस्टरचा हात थांबला होता, ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी आवाज किंचित खाली आणला.

"मी म्हटलं, बाबा… आज तुम्ही दिसलात."

 सिस्टरचे डोळे भरून आले. तिने हातातला कापूस खाली ठेवला आणि नकळत हात जोडले.

यमुनाबाईंनी थेंबांची नवी बाटली महाराजांच्या तळहातावर ठेवली.

"छान बोललात," त्या म्हणाल्या. "आता हे पुन्हा कुठे बोलू नका."