माईंनी मागितलेली घंटा

वसईच्या बाजूला, केळीच्या बागांनी वेढलेल्या वेलआळी गावात मदर फिलोमेना राहत असत. गाव त्यांना माई म्हणे. ज्यांच्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले, ज्यांची खाट घरच्यांनी पडवीत लोटली, अशा माणसांसाठी माईंनी आपल्या धर्मभगिनींसह एक कौलारू घर मांडलं होतं. त्याचं नाव 'विसावा'. तिथं कुणी बरं व्हायला येत नसे. पण भाविकहो, तिथं कुणी एकटं मरतही नसे!

माईंची एक रीत होती. सकाळी खाटेजवळ बसून त्या "कसं वाटतंय?" असं कधी विचारत नसत. अहो, मरणाच्या दारातल्या माणसाला कसं वाटणार? त्या विचारत, "आज काय हवं, बाळा?" कुणी तळलेला बोंबील मागे, कुणी केस विंचरून मागे. ते मिळवून देईपर्यंत माईंना चैन पडत नसे.

त्या घरात इनास आला. गालाला कर्करोगाची जखम, आणि तिला अशी दुर्गंधी की सोयरेधायरे नाकाला पदर लावून काढता पाय घेत. त्याची बायको नातालीन मात्र जागची हलली नाही. चिकटलेली पट्टी कोमट पाण्यानं भिजवून अलगद कशी सोडवायची, दुखणं उसळण्याआधीच औषध कसं द्यायचं, सगळं माईंनी तिला शिकवलं. कितीतरी दिवसांनी इनासचं कण्हणं थांबलं, त्याला गाढ झोप लागली. त्या झोपेकडे बघून नातालीनच्या डोळ्यांना धार लागली.

इनासचा थोरला भाऊ कैतान म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. सामाईक विहिरीवरच्या पाण्याच्या पाळीवरून दोघं भांडले, ते पुन्हा बोललेच नाहीत. एका रविवारी चर्चच्या आवारात, चार लोकांसमोर कैताननं नातालीनला गाठलं.

"काय गं, त्या मरणखोपीत पट्ट्या बांधून आजवर किती जण उठवलेत? तुझ्या माईला म्हणावं, एखादा तरी चमत्कार दाखव!"

लोक फिदीफिदी हसले. बिचारी खाली मान घालून परत आली.

इनास रोज माईंना "काही नको" म्हणायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र माईंनी विचारलं आणि त्याचे ओठ थरथरले. मोठ्या कष्टानं तो म्हणाला, "दादा."

नातालीन तशीच कैतानच्या ओट्यावर धावली. "भाऊजी, एकदा चला. पाया पडते तुमच्या. आजचा दिवस तरी निघतो की नाही, कोण जाणे!"

कैतान सुपारी कातरत बसला होता. त्यानं वरही पाहिलं नाही. "येईन की. त्याची घंटा वाजली की येईन. खांदा द्यायला थोरला लागतोच. त्याच्याआधी पाऊल टाकणार नाही, देवाची आण!"

त्या गावात माणूस गेला की चर्चची घंटा संथ, रेंगाळत ठोके देई. ते ऐकून वैरीसुद्धा दारात येई. नातालीन हुंदके देतच माईंकडे आली. तिचं सगळं ऐकून घेऊन माई म्हणाल्या, "घंटा वाजली की येतो म्हणाला ना? मग रडतेस काय, वेडे? घंटाच मागू या." आणि त्या खाटेशेजारी गुडघे टेकून बसल्या.

ऐन जेवणाच्या वेळी घंटा वाजू लागली. संथ. रेंगाळत.

नातालीननं इनासच्या छातीवर हात ठेवला. छाती वरखाली होत होती! कैतानचीच ही थट्टा, असं वाटून ती कळवळली. "मेल्यांनो, जित्या माणसाची घंटा वाजवता!"

तेवढ्यात फाटकातून कैतानच धावत आला. अनवाणी, हात तसाच उष्टा. "इनू! अरे इनू, थांबला नाहीस रे माझ्यासाठी!" त्याच्या मागोमाग अख्खी आळी फुलं घेऊन आली होती.

खाटेवरून क्षीण आवाज आला, "दादा, आलास?"

कैताननं भावाचं डोकं छातीशी धरलं आणि लहान पोरासारखा हंबरडा फोडला. त्या दुर्गंधीचं त्याला भानही नव्हतं.

"पण घंटा वाजवली कुणी?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

घंटा वाजवणारा दुमिंग पुढे आला. चेहरा पांढराफटक. "कुणीच नाही हो! दोर झिजला म्हणून मी तो सकाळीच उतरवला. हा बघा, माझ्या हातात आहे. मनोऱ्याला कुलूप आहे!"

मग एकेक करत माणसं गुडघ्यांवर बसली. काय बोलावं? धन्य तो प्रभू, आणि धन्य त्या माई!

कैतान माईंच्या पायांवर कोसळला. "माई, मी उर्मट, मी आंधळा! आता याला बरंही करा."

माईंचे डोळे भरून आले. "ते मला कधीच जमलं नाही रे, बाळा. मला नुसतं सोबत बसता येतं. तूही बस." मग त्यांनी नातालीनकडे बोट दाखवलं. "आणि माझ्या पाया काय पडतोस?"

कैतान उठला. तो धाकट्या भावाच्या बायकोपुढे, साऱ्या गावादेखत, कमरेपर्यंत वाकला.

"नातालीन," तो म्हणाला, "पट्टी कशी सोडवायची, मला शिकव."