हे तुझं वासरू नव्हे

माणगंगेच्या काठी करंजवडी नावाच्या लहानशा गावात सोमगीर महाराजांचा मुक्काम होता. मठ म्हणजे चार पत्रे आणि एक धुनी. जोतिराम रोज पहाटे धार काढून पहिलं तांब्याभर दूध तिथं ठेवून जात असे. महाराजांना तो कधी काही मागत नसे. हा जोतिराम म्हणजे माझे आबा.

त्यांच्याकडे ढवळी नावाची एकच गाय होती. बाकी गावात सगळ्या म्हशी, त्यातल्या पंधरा एकट्या हैबतरावांच्या. त्या वर्षी ढवळी व्याली आणि चौथ्या दिवशी वासरू गेलं. अशा वेळी वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढं उभं करतात. गाय ते चाटते आणि पान्हा सोडते. आबांनी मात्र वासरू कातड्यासकट कुंपणाशी पुरलं.

"असं कुणी करतं का रे?" दूध संकलनाच्या ओट्यावर हैबतराव म्हणाले. "आता गाय आटणार."

"आटू दे अण्णा," आबा म्हणाले. "ती माया करून चाटणार आणि आत पेंढा. मला नाही जमत."

"आला बघा आमचा हरिश्चंद्र. उद्या म्हशीला विचारून पाणी पाजंल!" ओट्यावरची माणसं हसली.

ढवळी खरोखरच आटली. त्यानंतर पंधरा दिवसांनी माझा जन्म झाला, आणि नवव्या दिवशी आई गेली. मला म्हशीचं दूध पाणी घालून पाजलं तरी पोटात ठरेना. आबा गावोगाव गाईच्या दुधासाठी हिंडले. दुष्काळाचं साल होतं, कुणाकडेच नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी रडायचीही थांबले. रिकामी किटली घेऊन ते ओट्यावरून जात असताना हैबतराव म्हणाले, "कातडं पुरलंस. आता पोर पुर."

आबांनी घरी जाऊन मला उचललं आणि मठात महाराजांच्या पायाशी ठेवलं.

महाराज उठले. म्हणाले, "गोठ्यात चल. जिच्याशी तू खोटं वागला नाहीस, तिलाच माग. पण आताही खोटं सांगू नकोस."

गाव पाठोपाठ आलं. हैबतरावही आले. आबांनी वासराच्या जागी पोतं अंथरून मला त्यावर ठेवलं आणि ढवळीच्या कानाशी तोंड नेलं. "बाई, हे तुझं वासरू नव्हे. हिला आई नाही. देशील का?"

ढवळीनं मला हुंगलं. मग तळपाय चाटू लागली. महिना होत आला होता तिला आटून, आणि सगळ्यांच्या देखत तिच्या कासेतून दुधाचे थेंब मातीवर पडू लागले. आबा भांडं आणायलाही विसरले. महाराजांनीच आपला कमंडलू पुढं केला.

हैबतराव महाराजांच्या पायांवर वाकले. महाराजांनी पाय मागं घेतले. "माझं काय आहे यात? ज्याला बोललास, त्याच्या पाया पड."

हैबतराव आबांकडे बघत उभे राहिले आणि तसेच निघून गेले.

आबांनी पुन्हा लग्न केलं नाही. जन्मभर एक सड वासरासाठी सोडून ते धार काढत राहिले. माझी वेणी घालायचे तेव्हा त्यांच्या हातांना दुधाचा वास यायचा. महाराजांनी देह ठेवल्यावरही आबांचा तांब्या चुकला नाही.

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी तांब्या भरला, पण मठात पोचला नाही. आबांना घराच्या ओट्यावर आणून निजवलं. गोठ्यात गाय हंबरत होती.

दुपारी हैबतराव काठी टेकत आले. वय ऐंशीच्या पुढं. त्यांना वाकता येईना, म्हणून ते आधी जमिनीवर बसले.

"एकोणचाळीस वर्षं," ते मला म्हणाले. "महाराजांनी सांगितलं होतं, पोरी. मला जमलं नाही."

मी आबांच्या पायांवरचं पांढरं कापड बाजूला केलं. हैबतरावांनी त्या थंड पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.